रोड बाइकचे शिफ्टर बदलायचेत: १० स्पीडला १० स्पीड चालेलच ना?

निवांत_चाक

नमस्कार मंडळी.

माझ्या रोड बाइकवर शिमानो टियाग्राचा १० स्पीड सेट आहे, ४६०० मालिका. पुढे ५०-३४ दात्यांची चक्रं, मागे १२-२८. सध्या उजवा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायची लिव्हर, रुसलाय. मोठ्या कॉगवर (मागच्या दातेरी चक्रावर) चढवायला लिव्हर आत ढकलली की नुसतीच पोकळ फिरते. काही पकडतच नाही. पुन्हा पुन्हा ढकलल्यावर एकदाचा टक् आवाज येतो आणि गिअर पडतो. गार हवेत हे जास्त होतं. मेकॅनिकने सायकलला हातही न लावता सांगितलं, "शिफ्टर गेला, नवा टाका."

आता टियाग्रा ४७०० चे वापरलेले पण चांगल्या अवस्थेतले शिफ्टर मिळतायत. तेही १० स्पीडच. शिवाय त्यांच्या केबल बार टेपखालून जातात, म्हणजे हँडलसमोर लोंबणाऱ्या त्या दोन केबल एकदाच्या जातील. प्रश्न तीन:

१. बाकी काहीही न बदलता हे बसतील ना? मेकॅनिकच्या मते "दहाला दहा, बसणारच".
२. चढासाठी मागे ३४ दात्यांचा कॉग टाकायचाय. आहे त्या डिरेलरवर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) जमेल?
३. की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ शिमानोच्या ११ स्पीड '१०५' मालिकेवर जावं?

दातेरी

थांबा, ते शिफ्टर घेऊ नका. निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी.

आकडा १० असला तरी शिफ्टरला आकडे कळत नाहीत. एका क्लिकला किती केबल ओढायची, एवढंच त्याला ठाऊक. ओढलेल्या केबलचं आडव्या सरकण्यात रूपांतर करतो डिरेलर, आणि प्रत्येक डिरेलरचं त्याचं गुणोत्तर ठरलेलं असतं. क्लिकची केबल गुणिले डिरेलरचं गुणोत्तर हे कॅसेटच्या (मागच्या कॉगांच्या संचाच्या) दोन शेजारी कॉगमधल्या अंतराएवढं आलं पाहिजे. सुसंगतता म्हणतात ती एवढीच. बाकी सगळा तपशील.

तुमच्या बाबतीत (आकडे गोळाबेरीज धरा):

४६०० आणि तिच्या काळातली शिमानोची बाकी १० स्पीड रोड मंडळी: शिफ्टर दर क्लिकला सुमारे २.३ मिमी केबल ओढतो, डिरेलरचं गुणोत्तर १.७. गुणाकार ३.९ मिमी. १० स्पीड कॅसेटच्या कॉगमधलं अंतर ३.९५ मिमी. जुळलं.

४७००: ही मालिका २०१५ ची. तोवर शिमानोने ११ स्पीडसाठी डिरेलरचं गुणोत्तर १.४ च्या आसपास आणलं होतं. ४७०० ला त्यांनी १० कॉग ठेवले, पण आतलं गणित ११ स्पीडच्या घराण्यातलं दिलं. म्हणजे तेच ३.९५ मिमी अंतर कापायला हा शिफ्टर एका क्लिकला २.८ मिमीच्या आसपास केबल ओढतो.

आता ४७०० चा शिफ्टर तुमच्या ४६०० डिरेलरला जोडा. २.८ गुणिले १.७, म्हणजे ४.७६. प्रत्येक क्लिकला ०.८ मिमी जास्त. पहिल्या क्लिकला चेन थोडी कुरकुरेल, दुसऱ्या-तिसऱ्याला दोन कॉगच्या मध्ये घोटाळेल आणि पाचव्या क्लिकपर्यंत तुम्ही अख्खा एक कॉग पुढे गेलेले असाल. केबलचा ताण कितीही कमीजास्त करा, उपयोग नाही. ताणाने सुरुवातीची जागा बदलते, पावलाची लांबी नाही.

४७०० चे शिफ्टर घ्यायचेच असतील तर ४७०० चे मागचे आणि पुढचे डिरेलरही घ्यावे लागतील. कॅसेट आणि चेन आहे तीच चालेल.

वाटसरू७

इतकं घाबरवू नका हो. माझ्या मित्राने नेमकं हेच बसवलंय, ४७०० शिफ्टर आणि जुना डिरेलर. चालतंय की.

दातेरी

@वाटसरू७, "चालतंय" म्हणजे कसं? स्टँडवर सायकल टांगा, सर्वात लहान कॉगवरून एकेक क्लिक करत वर जा आणि प्रत्येक क्लिकला चेन कुठे आहे ते मागून बघा. प्रत्येक कॉगवर चेन सरळ आणि आवाज न करता बसत असेल तर तो डिरेलर जुना नाही, हे मी न बघता सांगतो. डिरेलरच्या समांतरभुज दांड्यांच्या मागच्या बाजूला नंबर कोरलेला असतो. तो वाचून इथे टाका.

वाटसरू७

विचारलं. नंबर आरडी-४७०० निघाला. डिरेलर आधीच बदलला होता म्हणे, त्याच्या लक्षातच नव्हतं. 😀

तेलाचा_हात

दातेरींच्या गणिताला पूर्ण अनुमोदन. पण निवांतराव, तुम्हाला शिफ्टर बदलायची गरज आहे हेच मुळात कुणी ठरवलं?

तुम्ही सांगितलेलं लक्षण, लिव्हर पोकळ फिरते आणि गारव्यात जास्त, हे शिमानोच्या जुन्या एसटीआय (ब्रेक आणि गिअर एकत्र असलेल्या) शिफ्टरचं अगदी ठरलेलं दुखणं आहे. आत दातेरी चक्र असतं आणि त्याला पकडणारं एक छोटं खटकं. बारीक स्प्रिंग त्या खटक्याला दात्यांवर दाबून धरते. कारखान्यात भरलेलं ग्रीस वर्षानुवर्षांत सुकून मेणासारखं चिकट होतं, खटकं त्यात रुतून बसतं आणि स्प्रिंगला ते ओढून आणायची ताकद राहत नाही. गारव्यात ग्रीस आणखी घट्ट, म्हणून तेव्हा त्रास जास्त. मोडलेलं काहीच नसतं.

उपाय असा. पुढचं चाक काढून दूर ठेवा, कारण फवारा रिमवर किंवा ब्रेक पॅडवर गेला तर पुढच्या उताराला कळेल. हुडचं रबर पुढून गुंडाळत मागे घ्या. मागचा गिअर सर्वात लहान कॉगवर आणा, म्हणजे केबल सैल पडेल. मग ब्रेक लिव्हर दाबून धरली की आत यंत्रणा दिसते. तिथे बारीक नळीच्या स्प्रेने पातळ डीग्रीझर सोडा, दोन-तीन कोनांतून. खाली जुनं फडकं धरा, त्यावर चहाच्या रंगाचं पाणी उतरेल. आता दोन्ही लिव्हर चालवत राहा. मोठी आत, छोटी आत, पुन्हा मोठी. सुरुवातीला काहीच होणार नाही. हात दुखेपर्यंत करा. मध्येच एक क्लिक पकडेल, मग दोन, मग सलग. खाली उतरणारा द्रव स्वच्छ दिसेपर्यंत फवारा मारायचा आणि क्लिक करायचं, हेच पुन्हा पुन्हा.

मग पूर्ण सुकू द्या. सुकल्यावर पातळ तेल, थेंबाथेंबाने. हे विसरायचं नाही. डीग्रीझरने जुन्या ग्रीससोबत सगळं वंगण धुऊन निघतं. कोरडा शिफ्टर दोन दिवस झकास चालतो आणि मग झिजायला लागतो. आत पुन्हा घट्ट ग्रीस भरू नका, नाहीतर काही वर्षांनी हाच धागा वर आणावा लागेल.

आणि शिफ्टर उघडायच्या भानगडीत पडू नका. शिमानोचा एसटीआय आतून उघडून दुरुस्त करण्यासाठी केलेलाच नाही. स्प्रिंग एकदा उडाली की संपलं. कॅम्पाग्नोलोच्या जुन्या एर्गोपॉवरचं तसं नव्हतं, त्यांचे आतले सुटे भाग मिळायचे.

कुरकुरी_चेन

तेलाचा_हात यांना +१. माझा अल्टेग्रा ६६०० चा शिफ्टर असाच जिवंत झाला होता. भंगारात काढला होता तो.

मधला_गिअर

एक भर घालतो. शिफ्टर धुताना केबलचं डोकंही बघून घ्या. सर्वात लहान कॉगवर गिअर ठेवून केबल मागून ढकलली की डोकं बाहेर येतं. डोक्यापासून पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरात तारा उसवल्या असतील तर केबल लगेच बदला. तिथे केबल चक्राभोवती वळते आणि दर गिअरला वाकते, म्हणून तुटते तिथेच. एकेक तार तुटत जाते, गिअर हळूहळू बिघडतात, आपण केबलचा ताण बदलायला बॅरल अ‍ॅडजस्टर फिरवत बसतो आणि एक दिवस डोकं आतच अडकून राहतं. मग ते चिमट्याने काढत बसा.

टेपखालून केबल जाणाऱ्या शिफ्टरांत हे जास्त होतं, कारण आतलं वळण जास्त तीव्र असतं. शिमानोच्या ५७००, ६७०० मालिकांपासून पुढच्या बऱ्याच शिफ्टरांत हा अनुभव येतो. तेव्हा त्या "लोंबणाऱ्या" केबलना नावं ठेवू नका, त्या सुखाने जगतात. दिसायला वाईट, हे मान्य.

लक्षणांवरून ओळखायचं तर ढोबळमानाने असं: लिव्हर पोकळ फिरते, तर आतलं ग्रीस. मोठ्या कॉगवर नीट चढतं पण लहानवर उतरायला आळस करतं, तर केबल किंवा आऊटरमधलं (केबलवरच्या नळीतलं) घर्षण. काही कॉगवर ठीक, काहींवर खडखड, आणि सेटिंग करूनही जागा बदलत राहते, तर डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला अडकवणारा तुकडा) वाकलाय. सायकल उजवीकडे पडली होती का, ते आठवा. या तिन्हींपैकी एकातही नवा शिफ्टर लागत नाही.

निवांत_चाक

बाप रे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. आज संध्याकाळी शिफ्टर धुतो. पण प्रश्न २ आणि ३ अजून उभेच आहेत. ३४ चा कॉग हवाच आहे. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत.

चढणीची_लेक

३४ बद्दल मी सांगते, हा माझा आवडता विषय.

आधी दोन गोष्टी तपासायच्या. एक, डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांचा कॉग पेलतो. दोन, त्याची एकूण क्षमता, म्हणजे किती सैल चेन तो गुंडाळून घेऊ शकतो. क्षमतेचं गणित सोपं: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अधिक मागच्या सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान कॉगमधला फरक. तुमचं पुढे ५०-३४, फरक १६. मागे ११-३४, फरक २३. बेरीज ३९. लांब केजचाच (चेन ताणून धरणाऱ्या लांब दांडीचा) डिरेलर लागणार. छोट्या केजच्या डिरेलरवर मोठा कॉग एक वेळ बसेलही, पण लहान-लहान गिअरला चेन लोंबेल. आणि तिची लांबी कमी करायला गेलात तर मोठ्या-मोठ्या गिअरला डिरेलर ताणून हँगरसकट मोडेल. दुसरी शक्यता कितीतरी वाईट. म्हणून चेनची लांबी नेहमी मोठं चेनरिंग आणि मोठा कॉग धरूनच ठरवायची.

आता जुनी युक्ती. तुमचे ४६०० शिफ्टर राहणार असतील तर मागे शिमानोचा ९ स्पीड माउंटन बाइकचा डिरेलर लावा, डिओरे वगैरे. शिमानोच्या ९ स्पीड एमटीबी डिरेलरचं गुणोत्तर तेच जुनं १.७ आहे. डिरेलरला कॉग मोजता येत नाहीत, त्यामुळे १० स्पीड शिफ्टर आणि १० स्पीड कॅसेटसोबत तो बिनतक्रार चालतो. ३४ दाते त्याला काहीच नाहीत. अनेक जण वर्षानुवर्षं असंच फिरतायत.

दोन सापळे मात्र आहेत. पहिला, "१० स्पीड शिफ्टर आहे म्हणून १० स्पीड एमटीबी डिरेलर" असं समजून घेऊ नका. १० स्पीड एमटीबीला शिमानोने गुणोत्तर १.२ च्या आसपास नेलं, तो तुमच्या शिफ्टरवर अर्धवट सरकेल. म्हणजे इथे ९ बसतो आणि १० बसत नाही. दुसरा, त्या काळातल्या काही एमटीबी डिरेलरची स्प्रिंग उलटी असते, त्याला रॅपिड राइज म्हणत. केबल सोडली की तो मोठ्या कॉगकडे जातो. तो लावलात तर सगळे गिअर उलटे चालतील. वापरलेला घेताना हाताने ढकलून बघा: सोडल्यावर बाहेर, लहान कॉगच्या दिशेने यायला हवा.

शिमानोच्या अधिकृत तक्त्यात ही जोडी सापडणार नाही, हेही सांगून ठेवते.

दातेरी

तक्त्याचा विषय निघालाच आहे तर: शिमानोच्या उत्पादन माहितीच्या संकेतस्थळावर सुसंगततेचे तक्ते सगळ्यांसाठी खुले आहेत. काहीही विकत घेण्याआधी ते उघडा. तक्त्यात "हो" असेल तर डोळे झाकून घ्या. "नाही" असेल तर त्याचा अर्थ कंपनी जबाबदारी घेत नाही एवढाच. मग आपलं गणित आपण करायचं. चढणीची_लेक यांची युक्ती त्या दुसऱ्या प्रकारातली, आणि तिचं गणित पक्कं आहे. "माझ्या मित्राचं चालतंय" हा तिसरा प्रकार. 😉

वाटसरू७

कळलं हो, कळलं.

अकरावा_कॉग

प्रश्न ३ वर. मी १० वरून ११ वर गेलोय, तर काय काय बदलावं लागतं ते सांगतो.

दोन्ही शिफ्टर, मागचा डिरेलर, पुढचा डिरेलर, कॅसेट, चेन. सगळ्या केबल आणि आऊटर, कारण ते उघडलेलंच असतं. क्रँक राहू द्या. १० स्पीडच्या क्रँकवर ११ स्पीडची चेन व्यवस्थित चालते, शिमानो काहीही म्हणो.

पण लोक अडतात ते चाकाशी. शिमानोची ११ स्पीड रोड कॅसेट १० स्पीडच्या कॅसेटपेक्षा रुंद असते, आणि त्यासाठीचा फ्रीहब बॉडी (चाकावरचा, कॅसेट बसते तो भाग) जुन्यापेक्षा १.८५ मिमी लांब. जुन्या ८/९/१० स्पीड चाकावर साधी ११ स्पीड रोड कॅसेट चढवली तर कॅसेट आवळणाऱ्या लॉकरिंगला पेच पकडायला जागाच उरत नाही. उलट मात्र चालतं: ११ स्पीडच्या चाकावर जुनी कॅसेट बसवायची असेल तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर टाकायचा, काही १० स्पीड कॅसेटना त्यावर आणखी १ मिमीचा.

यात एक पळवाट आहे आणि ती निवांतरावांच्या नेमकी कामाची. शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११-३४ कॅसेटचे मोठे कॉग आतल्या बाजूला, स्पोकांकडे झुकलेले असतात. त्यामुळे त्या जुन्या १० स्पीड चाकावरच थेट बसतात. ११ स्पीडच्या चाकावर लावायच्या असतील तर उलट त्यांनाच स्पेसर लागतो. म्हणजे चाक न बदलता ११ स्पीड आणि ३४ दाते, दोन्ही. सोबत मागचा डिरेलर १०५ आर७००० चा लांब केजवाला घ्या, ३४ आणि क्षमता ३९ हे त्याच्या अधिकृत मर्यादेत बसतं.

पुढच्या डिरेलरला हलक्यात घेऊ नका. ५८००, ६८०० च्या पिढीत पुढच्या डिरेलरला लांबलचक दांडी आली. काही फ्रेमवर ती मागच्या टायरला घासते. आर७०००, आर८००० मध्ये ती गेली आणि ताण देण्याचा स्क्रू डिरेलरमध्येच आला. शक्य असेल तर नंतरचाच घ्या. जुना १० स्पीडचा पुढचा डिरेलर ठेवून बघू, असं वाटेल. डाव्या शिफ्टरची केबल ओढही या पिढीत बदलली आहे, त्यामुळे चेन घासणं थांबत नाही. वेळ जातो.

ब्रेकवाला

सगळे गिअरबद्दल बोलतायत, पण रोड बाइकच्या शिफ्टरमध्ये ब्रेकही असतो याची आठवण कुणी करून देणार का?

शिमानोने २००८ च्या ड्युरा-एस ७९०० पासून ब्रेक लिव्हरची केबल ओढ वाढवली, मग ती ६७००, ५७०० मध्ये आली. नवे लिव्हर आणि त्याआधीचे कॅलिपर (रिमला चिमटणारे ब्रेकचे हात) जोडले तर लिव्हर हाताला घट्ट लागते पण ब्रेक कमी लागतो, जास्त जोराने दाबावं लागतं. उलटं केलं, म्हणजे जुने लिव्हर आणि नवे कॅलिपर, तर लिव्हर हँडलपर्यंत येते आणि चाक झटक्यात जाम होतं. पहिलं एक वेळ सवयीने चालवून घेता येतं, दुसरं करूच नका.

माझ्याकडे ५६०० चे कॅलिपर होते आणि ५८०० चे शिफ्टर लावले. सपाटीवर काहीच जाणवलं नाही. पहिल्या लांब उतारावर बोटं भरून आली. आठवड्याच्या आत कॅलिपर बदलले.

आणि ज्यांच्या सायकलला व्ही-ब्रेक आहेत त्यांनी रोडचे शिफ्टर सरळ लावू नयेत. व्ही-ब्रेकला जवळपास दुप्पट केबल ओढ लागते. मधे ओढ वाढवणारी पुली किंवा छोट्या हातांचे मिनी-व्ही हवेत. थांबण्याच्या बाबतीत "बघू, जमेल" चालत नाही.

जुनाच_बरा

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारू का? जुनी स्टील फ्रेम, डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर) शिफ्टर, मागे ७ स्पीड फ्रीव्हील, ड्रॉपआउटमधलं (मागचं चाक बसतं त्या खाचांमधलं) अंतर १२६ मिमी. हात हँडलवरून न काढता गिअर बदलायचेत. हात खाली नेताना आता तोल जातो. आणि कुणीतरी सुचवलं की माउंटन बाइकचे ट्रिगर शिफ्टर ड्रॉप बारवर लाव. चालेल?

तेलाचा_हात

काका, ट्रिगर शिफ्टर नाही बसत. त्यांची क्लॅम्प २२.२ मिमी नळीसाठी असते, ड्रॉप बारची नळी २४ मिमीच्या आसपास. कानस घेऊन बसू नका.

तुमच्यासाठी दोन रस्ते. पहिला, बार-एंड शिफ्टर. ड्रॉप बारच्या खालच्या टोकात घुसतात, ब्रेक लिव्हर आहेत त्याच राहतात. यातले बरेच फ्रिक्शनवरही चालतात, म्हणजे क्लिक नाहीत, लिव्हर हवी तिथे थांबते. फ्रिक्शनवर वरचं सगळं गणित रद्द: कुठलाही डिरेलर, कितीही कॉग. तुम्हाला डाउनट्यूबच्या शिफ्टरची सवय असणार, तुम्ही पहिल्याच फेरीत शिकाल.

दुसरा, ८ स्पीडचे एसटीआय, क्लॅरिस वगैरे. ७ स्पीडच्या कॉगमधलं अंतर ५ मिमी, ८ स्पीडचं ४.८. फरक दर क्लिकला फक्त ०.२. मधल्या, म्हणजे चौथ्या कॉगवर अचूक जुळवलंत तर दोन्ही टोकांना चूक ०.६ मिमीच होते, चेन ती सहन करते. एक क्लिक जास्तीचा उरेल, तो लिमिट स्क्रूने बंद. डाउनट्यूबवर शिफ्टरच्या जागी केबल स्टॉप बसवावे लागतात, बॅरल अ‍ॅडजस्टरवाले घ्या. डिरेलर शिमानोचा इंडेक्स्ड (क्लिकवर चालणारा) हवा. ड्युरा-एस ७४०० असेल तर सांभाळून: १९८४ ला शिमानोची इंडेक्सिंग पहिल्यांदा आली ती त्याच मालिकेत, आणि तिच्या मागच्या डिरेलरचं गुणोत्तर बाकी शिमानोपेक्षा वेगळं आहे. ८ स्पीडच्या साध्या शिफ्टरशी तो जुळणार नाही. आणि एसटीआय लावताना ब्रेकवाला यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा, तुमचे कॅलिपर जुने असणार.

जुनाच_बरा

डिरेलर ६०० आहे, ७४०० नाही. मग बार-एंडच. नव्या क्लिकांपेक्षा जुनं फ्रिक्शन परवडलं. १३० मिमीचं चाक घालायचं म्हटलं तर?

तेलाचा_हात

स्टील आहे म्हणून शक्य आहे. दोन्ही बाजूंना २-२ मिमी ताणायचंय. पण फ्रेम एकाच बाजूला वाकणार नाही आणि ड्रॉपआउट समांतर राहतील हे तपासू शकणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन फ्रेमवर हा प्रयोग अजिबात नको. कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहिलं.

चढणीची_लेक

अवांतर: स्रॅमवाल्यांना या बाबतीत जरा सुख आहे. त्यांच्या १० स्पीड रोड शिफ्टरवर १० स्पीड एमटीबी डिरेलर चालतो, दोघांचं गुणोत्तर एकच. स्रॅमचा शिफ्टर आणि शिमानोचा डिरेलर मात्र नको, आणि उलटही नको. मायक्रोशिफ्ट शिमानोच्या गणिताचे शिफ्टर बनवते, पण कुठल्या पिढीच्या गणिताचे ते मॉडेलगणिक बघावं लागतं.

निवांत_चाक

अहवाल देतो.

शिफ्टर धुतला. तेलाचा_हात, चहाच्या रंगाचं म्हणालात, माझ्याकडे डांबर निघालं. बराच वेळ काहीही होईना, मी जवळपास सोडून दिलं होतं. मग एकाएकी क्लिक पकडायला लागले. तेल घालून आता नव्यासारखा चालतोय. केबल काढून बघितली तर डोक्याजवळ दोन तारा तुटलेल्या. म्हणजे मधला_गिअर यांचंही बरोबर.

४७०० चा विचार सोडला. ११ स्पीडचा मोह अजून आहे, पण सध्या ९ स्पीडचा डिओरे आणि ११-३४ ची १० स्पीड कॅसेट लावतोय. आता नवी केबल घालताना आऊटरही बदलावा का? घरात ब्रेकच्या आऊटरचा मोठा तुकडा पडलाय, तोच वापरू?

मधला_गिअर

आऊटर बदलाच, पण तो तुकडा नको. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. वळणावर त्याची लांबी किंचित बदलते, आणि गिअरमध्ये तेवढ्यानेही क्लिक चुकतो. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून तो आखडत नाही. ४ मिमीचा घ्या. आतली केबल १.२ मिमीची, ब्रेकची जाड असते ती वेगळी.

आणि हा नियम उलट बाजूने जास्त महत्त्वाचा: गिअरचा आऊटर ब्रेकला कधीच लावायचा नाही. ब्रेकच्या ताणाखाली त्या सरळ तारा टोपण फाडून बाहेर येऊ शकतात.

कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतलं प्लॅस्टिकचं भोक चेपलं असेल तर टाचणीने गोल करा. मागच्या डिरेलरपाशी येणारा शेवटचा तुकडा फार आखूड ठेवू नका. तुमचा नवा डिरेलर लांब केजचा आहे, मोठ्या कॉगवर गेला की तो पुढे झुकतो आणि आखूड आऊटर तिथे ताणला जातो. जुना तुकडा मोजून तेवढाच कापू नका. डिरेलर बसवा, ३४ वर न्या, मग लांबी ठरवा.